बट्टा लागलेले नाणे

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी आमच्या घरी एक काम ठरलेले असे. देवघरातल्या पितळी डबीतून पाच रुपये बाहेर निघत. त्यांतले तीन राणीछाप, दोन राजाछाप. आजी ते चिंचेच्या कोळात बुडवून ठेवी, मग रांगोळीने घासी आणि स्वच्छ पंचाने पुसून पाटावर मांडी. वर्षानुवर्षांच्या या घासण्याने राणीचे नाक चपटे झाले होते आणि केसांच्या बटा जाऊन तिथे नुसता गुळगुळीत उंचवटा उरला होता. पण नाणे आरशासारखे चमकत असे. एका दिवाळीत नाण्यांचा संग्रह करणारे एक स्नेही फराळाला आले. त्यांनी पाटावरचा एक रुपया उचलला, उजेडात धरला आणि म्हणाले, ‘‘आजी, अहो, जीव घेतलात तुम्ही या रुपयाचा!’’ आजी शांतपणे म्हणाली, ‘‘मग काय लक्ष्मीपुढं काळं नाणं ठेवू?’’

दोघांनाही निर्दोष नाणेच हवे होते. आजीच्या दृष्टीने काळपटपणा हा दोष होता. आमच्या स्नेह्यांच्या दृष्टीने तो काळपटपणा म्हणजे शंभर वर्षांत चांदीवर आपोआप चढलेली साय होती, आणि ती खरवडून काढणे हाच दोष होता. त्या दिवशी मला हा वाद गमतीचा वाटला होता. पुढे नाशिक परिसरातल्या नाण्यांविषयी वाचत, पाहत आणि थोडेफार गोळा करत गेलो, तसे लक्षात येऊ लागले की संग्राहकाच्या डोळ्यातले ‘परिपूर्ण नाणे’ ही कल्पना वाटते तितकी निरुपद्रवी नाही. तिचा एक इतिहास आहे, तिचा एक बाजार आहे, आणि नाशिकच्या मातीत सापडलेल्या एका मोठ्या ठेव्यासमोर ती कल्पना अगदीच अपुरी पडते. हा लेख त्या अपुरेपणाविषयी आहे.

आपल्या भाषेत चांगल्या-वाईट नाण्याचे शब्द भरपूर आहेत, आणि ते संग्राहकाकडून आलेले नाहीत. ते सराफाच्या पेढीवरून आले. बंदा रुपया म्हणजे मोड न केलेला, अखंड रुपया. खणखणीत म्हणजे दगडावर आपटले असता साफ आवाज देणारा. आत तांबे किंवा शिसे असले की तो आवाज बद्द येतो. पारख, खोटे नाणे, चलनी नाणे हे सारे त्याच गादीवरचे शब्द. पोतदार हे आडनाव आज ज्यांच्या दारावर आहे, त्यांच्या पूर्वजांचे काम सरकारी खजिन्यात येणारी नाणी पारखून घेण्याचे होते. आणि बट्टा. मराठेशाहीत एकाच बाजारात अंकुशी, सुरती, चांदवडी असे निरनिराळ्या टाकसाळींचे रुपये फिरत असत. प्रत्येकाचे वजन आणि कस थोडा वेगळा. शिवाय झीज वेगळी. एका रुपयाच्या बदल्यात दुसरा देताना सराफ जी कसर कापून घेई ती बट्टा. नावाला बट्टा लागतो असे आपण आजही म्हणतो तेव्हा आपल्या तोंडी सराफाचा हिशेब असतो, हे बहुतेकांच्या ध्यानातही नसते.

या सराफाला नाण्याच्या देखणेपणाशी काही देणेघेणे नव्हते. उलट, पारख झाली म्हणून तो स्वतःच नाण्यावर आपला बारीक ठसा मारून ठेवी. जुन्या रुपयांवर असे चांदणीचे, फुलाचे, अक्षराचे, नुसत्या टिंबाचे ठसे दिसतात. चार पेढ्या फिरलेल्या रुपयावर चार खुणा. त्या काळी अशी खूण म्हणजे हे नाणे तपासलेले आहे, डोळे मिटून घ्या, अशी हमी होती. आज लिलावाच्या यादीत त्याच रुपयापुढे ‘सराफी ठसे आहेत’ अशी सूचना छापतात, आणि ती इशारा म्हणून छापतात. खूण तीच राहिली आणि तिचा अर्थ उलटा झाला. चीनमध्ये स्पॅनिश चांदीच्या डॉलरवर व्यापारी असेच आपले शिक्के मारीत. तिथल्या त्या ठसेवाल्या डॉलरांचा मात्र आता स्वतंत्र संग्रह करणारे लोक आहेत. आपल्याकडे अजून ती वेळ फारशी आलेली नाही.

बाईच्या गळ्यातली पुतळ्यांची माळ हे आणखी एक उदाहरण. व्हेनिसच्या सोन्याच्या डुकाटवर उभ्या आणि गुडघे टेकलेल्या मानवाकृती होत्या, त्यावरून आपल्याकडे ते नाणे पुतळी झाले. माळेत ओवायचे म्हणून त्याला कडी डाकली जाई किंवा भोक पाडले जाई. संग्राहक अशा नाण्याकडे पाहून हळहळतो. पण ज्या पुतळ्यांना कडी लागली नाही त्यांतल्या बहुतेक आटवल्या गेल्या असणार. कडी लागली म्हणून ही वाचली.

मग संग्राहकाचा मापदंड आला कुठून? आज जगभर नाण्याची प्रत सांगताना १ ते ७० असे गुण देतात. हे सत्तर कुठून आले, हे अनेक संग्राहकांनाही ठाऊक नसते. विल्यम शेल्डन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४९ साली अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटांवर एक पुस्तक लिहिले. १७९४ सालच्या सेंटचा सर्वांत झिजलेला, जेमतेम ओळखू येणारा नमुना एक डॉलरला मिळत असेल, तर अगदी कोरा नमुना सत्तर डॉलरला जातो, असा त्याचा अंदाज होता. म्हणून कोऱ्याला ७० गुण. म्हणजे परिपूर्णतेचा हा आकडा मुळात बाजारभावाचा आकडा होता. भाव पुढे बदलले, पण आकडा मागे राहिला आणि आता तो नाण्याचा उपजत गुण असल्यासारखा वापरला जातो. याच शेल्डनने माणसांच्या शरीरांचेही तीन प्रकारांत वर्गीकरण करून त्यांना आकडे दिले होते, हा योगायोग मला बोलका वाटतो. आणखी एक गोष्ट त्याच्या मृत्यूनंतर उघड झाली. न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातले चांगले सेंट काढून त्यांच्या जागी त्याने आपल्याकडचे हलक्या प्रतीचे ठेवले होते. ज्याने प्रतवारी शिकवली, त्यालाच त्या प्रतवारीचा मोह आवरला नाही.

१९८० च्या दशकात अमेरिकेत नाणी तपासून, गुण देऊन, प्लॅस्टिकच्या पेटीत कायमची बंद करणाऱ्या कंपन्या निघाल्या. त्यांची पद्धत आपल्याकडेही पोहोचली आहे. प्रदर्शनात आता सीलबंद पेटीतला व्हिक्टोरियाचा रुपया आणि सुटा रुपया असे दोन वेगळे भाव चालतात. पेटीतल्या नाण्याला हात लागत नाही, त्याचा आवाज ऐकू येत नाही, त्याची कड बोटाला जाणवत नाही. खणखणीत हा शब्द त्याला लावताच येत नाही.

पण मुख्य अडचण वेगळीच आहे. हा मापदंड यंत्रावर पाडलेल्या नाण्यांसाठी जन्मला. यंत्राच्या नाण्याला एक मूळ आदर्श असतो: ठसा, चकती, दाब सारे ठरलेले. त्यापासून नाणे किती ढळले हे मोजता येते. आपल्याकडची जुनी नाणी अशी झालेली नाहीत. ठरल्या वजनाची धातूची चकती घ्यायची, ऐरणीत बसवलेल्या खालच्या ठशावर ठेवायची, वरचा ठसा हातात धरायचा आणि घण मारायचा. ठसा बहुधा चकतीपेक्षा मोठा. त्यामुळे ठशावरचा सगळा मजकूर एका नाण्यावर उतरतच नसे. शिवराईवर एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ हा मजकूर असतो. पण दोन्ही बाजूंची सगळी अक्षरे कडेला न कापली जाता उमटलेली शिवराई हाती आली तर संग्राहक ती वर्षानुवर्षे मिरवतो. टाकसाळीतल्या माणसाला तशी शिवराई पाडायची होती असे मानायला काही आधार नाही. त्याला वजन बरोबर हवे होते आणि दिवसाला ठरलेली संख्या हवी होती. अक्षर कापले गेले म्हणून कोणी शिवराई परत केली नसेल. मग आपण ज्याला ‘अपूर्ण’ म्हणतो ते नेमके कशाच्या तुलनेत? कधी कोणी पाहिलेच नाही अशा, आपण मनात जुळवलेल्या पूर्ण शिवराईच्या तुलनेत.

परदेशी प्रतवारी कंपन्यांनाही हे कळते. त्यांच्यातल्या एका मोठ्या कंपनीने प्राचीन नाण्यांसाठी सत्तरचा आकडा बाजूला ठेवला आणि ठसा कसा बसला व पृष्ठभाग कसा राहिला यांना पाचपैकी वेगवेगळे गुण द्यायला सुरुवात केली. सुधारणा चांगली आहे. पण नाण्यावर एकाच राजाने एकदाच ठसा मारला आहे, हे तिनेही गृहीत धरलेले असते. हे गृहीतक नाशिकपाशी कोसळते.

१९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभी या गावी चांदीच्या नाण्यांचा ठेवा सापडला. नाणी १३,२५० च्या आसपास. पश्चिम भारतात सापडलेल्या प्राचीन नाणेनिधींत हा फार मोठा. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी ती नाणी तपासली आणि त्यांचा अहवाल रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. नाणी क्षहरात क्षत्रप नहपानाची होती. नखाएवढी, वजनाला दोन ग्रॅमच्या आसपास. एका बाजूला उजवीकडे पाहणारा राजाचा मुखवटा आणि भोवती ग्रीक अक्षरे. दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, त्यांच्याभोवती ब्राह्मी आणि खरोष्ठी. एका नखाएवढ्या चांदीवर तीन लिप्या. आणि या १३,२५० पैकी ९,२७० नाण्यांवर, म्हणजे दहांतल्या सातांवर, दुसऱ्याच राजाने आपला ठसा मारलेला होता. तो राजा गौतमीपुत्र सातकर्णी. त्याच्या ठशात एका बाजूला तीन कमानींचा डोंगर, ज्याला अभ्यासक चैत्य म्हणतात, त्याखाली नागमोडी रेघ आणि भोवती गौतमीपुत्राचे नाव. दुसऱ्या बाजूला चार वर्तुळे क्रूसाने जोडलेले उज्जयिनी चिन्ह.

हा ठसा नीट मोजून-मापून मारलेला नाही. कधी तो नहपानाच्या गालावर बसतो, कधी कपाळावर, कधी अर्धा नाण्याबाहेर जातो. एखाद्या नाण्यावर वर्तुळाच्या आतून नाकाचा शेंडा डोकावतो, दुसऱ्यावर चैत्याच्या कमानीखाली ओठ दिसतात. आधीचा चेहरा पुसायचा कोणी प्रयत्न केलेला नाही आणि जपायचाही केलेला नाही. जुने ग्रीक अक्षर नव्या ब्राह्मी अक्षरात घुसते आणि दोन्ही वाचता येत नाहीत. प्रतवारीच्या भाषेत बोलायचे तर एकाच नाण्यात सगळे दोष: मध्य चुकलेला, ठसा दुबार, मजकूर अपुरा, चेहरा बिघडलेला. आणि प्राचीन महाराष्ट्राच्या राजकीय इतिहासाला मिळालेला हा सर्वांत भक्कम भौतिक पुरावा आहे. एका राजाने दुसऱ्याच्या चलनावर ठसा मारला, म्हणजे तो त्याच्या नंतर आला आणि त्याचा मुलूख त्याने घेतला. हे सांगायला दुसरा कोणताही ग्रंथ लागत नाही. ते चांदीवरच लिहिलेले आहे.

नाशिककरांसाठी याची दुसरी बाजू शहराच्या दक्षिणेला, पांडवलेण्यांत आहे. दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. भिक्षूंसाठी त्याने ३,००० कार्षापणे गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली: २,००० दरमहा शेकडा एक दराने आणि १,००० दरमहा शेकडा पाऊण दराने. त्याच लेण्यात ७०,००० कार्षापणांच्या दानाचा आणि ३५ कार्षापणांना एक सुवर्ण या दराचाही उल्लेख आहे. लेखात संख्या आहे, दर आहे, हेतू आहे. नाणी कोणत्या अवस्थेत होती हे लिहायची गरज कोणाला वाटली नाही. नाण्याकडून जे काम हवे होते ते त्या हिशेबात पूर्ण झालेले आहे.

तिसऱ्या लेण्यात पुढची नोंद आहे. गौतमीपुत्राने आपल्या १८व्या राज्यवर्षी भिक्षूंना २०० निवर्तने शेत दिले, आणि ते शेत आतापर्यंत उषवदाताच्या भोगवट्यात होते असे लेखात स्पष्ट सांगितले. त्याच्या आईने, गौतमी बलश्रीने, नातवाच्या १९व्या वर्षी कोरवलेल्या लेखात आपल्या मुलाचे वर्णन क्षहरातांचा वंश निःशेष करणारा असे केले आहे. आजच्या गावच्या भाषेत सांगायचे तर शेताच्या सातबाऱ्यावर फेरफार झाला: शेत तेच, नाव बदलले. जोगलटेंभीच्या नाण्यांवरही तोच फेरफार आहे. चांदी तीच, वजन तेच, नाव बदलले. राजाने चांदी आटवून नवे नाणे पाडले असते तर ते देखणे झाले असते, संग्राहकाच्या मनासारखे झाले असते, आणि ही नोंद कायमची नाहीशी झाली असती.

आता मला जे खरे बोचते त्याकडे येतो. संग्राहक दुबार ठशाला नाक मुरडतो असे म्हटले तर ते आजच्या संग्राहकावर अन्याय करणारे होईल. जाणत्या मंडळींना गौतमीपुत्राचा ठसा असलेले नाणे हवेच असते. पण कसे हवे असते? त्यांनाही त्यात परिपूर्ण नमुना हवा असतो: नहपानाचा चेहराही स्पष्ट दिसावा आणि उज्जयिनी चिन्हही नेमके रिकाम्या जागी बसावे, दोन्ही राजे एकमेकांना अडवू नयेत. यादीत अशा नाण्याचे कौतुक केलेले असते आणि त्याला भाव चढतो. मला हे चलाखीचे वाटते. ठशाने चेहरा तुडवला हे त्या नाण्याचे सांगणे. आणि आपण त्यातूनही नीटनेटका, दोघांनाही सामावून घेणारा नमुना निवडून काढतो. दोषालाच प्रत लावून आपण त्याला निर्दोष करून टाकतो.

निवडून काढणे, हाच शब्द महत्त्वाचा. स्कॉट यांच्या अभ्यासातून जे निष्पन्न झाले ते कोणत्याही एका सुंदर नाण्यातून निघाले नसते. नाण्यांवरचा ग्रीक मजकूर तोवर नीट लागत नव्हता. एका नाण्यावर सुरुवातीची चार अक्षरे, दुसऱ्यावर मधली, तिसऱ्यावर शेवटची, तीही ओबडधोबड. ढीगभर नाणी शेजारी शेजारी ठेवल्यावर स्कॉट यांना दिसले की हा मजकूर ग्रीक भाषेतला नाहीच. ब्राह्मीत जे ‘राज्ञो क्षहरातस नहपानस’ असे लिहिले आहे, त्याचेच ते ग्रीक अक्षरांतले लिप्यंतर आहे. कोणत्या तरी कारागिराला ग्रीक अक्षरे ठाऊक होती, भाषा बहुधा नव्हती. हा शोध तुकड्यांनी लावला. दुसरी गोष्ट चेहऱ्यांची. काही नाण्यांवर तरुण चेहरा, काहींवर वृद्ध. नाक-हनुवटीची ठेवणही वेगळी. एका माणसाचे वय वाढले एवढ्याने हा फरक उलगडत नाही, ही घराण्यातल्या वेगवेगळ्या पुरुषांची चित्रे असावीत, असे मत स्कॉट यांनी मांडले. ते पटो न पटो, प्रश्न उभा राहिला तो हजारो चेहरे एका ठिकाणी असल्यामुळे. एकच देखणे नाणे हातात असते तर ‘हाच नहपान’ असे म्हणून आपण मोकळे झालो असतो.

आणि तिसरी गोष्ट, जिच्याकडे मला सर्वांत जास्त लक्ष वेधायचे आहे: ९,२७० आणि उरलेली सुमारे चार हजार. या दोन आकड्यांचे प्रमाण. ठसा मारलेली आणि न मारलेली नाणी एकाच ठेव्यात होती. म्हणजे पुरणाऱ्याने दोन्हींत भेद केला नव्हता. त्याच्या लेखी दोन्ही नाणी नाणीच होती. नव्या राजाचा ठसा सगळ्या चलनापर्यंत पोहोचायच्या आत हा ठेवा जमिनीत गेला, असे अनुमान त्यातून करता येते. हे अनुमान ज्या क्षणी ठेवा फुटतो त्या क्षणी अशक्य होते. आज ही नाणी देशोदेशीच्या संग्रहालयांत आणि खासगी संग्रहांत विखुरलेली आहेत. प्रत्येक ठिकाणी निवडक आहेत, चांगली आहेत. सगळी निवडक नाणी पुन्हा एकत्र केली तरी ठेवा परत मिळणार नाही, कारण निवड करताना वाईट नाणी गळतात आणि प्रमाण बिघडते.

१८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचा जमिनीत सापडलेला ठेवा कलेक्टरला कळवावा लागतो. एकच इंग्रजी शब्द आपण दोघांना लावला आहे, एक जिल्ह्याचा कलेक्टर आणि एक नाण्यांचा. ठेवा पहिल्याकडे जायच्या आत दुसऱ्याकडे पोहोचला तर त्याची अवस्था काय होते, हे नाणेशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. गावातला सोनार वा भंगारवाला, मग तालुक्याचा व्यापारी, मग शहरातले प्रदर्शन. प्रत्येक पायरीवर चांगली नाणी वेगळी होतात. उरलेली आटतात किंवा घासून चकचकीत करून किलोने विकली जातात. आमच्या आजीने पाच रुपये घासले, त्याने इतिहासाचे फार काही बिघडले नाही. असे राणीछाप रुपये लाखोंनी पाडले गेले होते. पण तांब्याच्या किंवा शिशाच्या सातवाहन नाण्यावरचा हिरवा-करडा थर आम्लात घालून उडवला की त्यासोबत मातीच्या खुणा जातात, पुसट अक्षरे जातात, आणि खरे-खोटे ओळखायचा एक आधारही जातो.

संग्राहकांची बाजू मला दुसऱ्या टोकाने मांडायला हवी, नाहीतर हा लेख एकांगी होईल. संग्राहकाने भाव दिला नसता तर यांतली बहुतेक चांदी केव्हाच आटली असती. अनेक टाकसाळींच्या रुपयांची पहिली वर्गवारी विद्यापीठांनी केली नाही, हौशी माणसांनी रविवारी बसून केली. ठसा कुठे बसला, अक्षराची वेलांटी कशी वळली, हे पाहणारा त्यांचा डोळा पुष्कळदा अध्यापकाच्या डोळ्यापेक्षा तीक्ष्ण असतो. नाशिकपासून त्र्यंबकेश्वरच्या रस्त्याला अंजनेरीच्या पायथ्याशी भारतीय नाणेशास्त्र संशोधन संस्था उभी आहे. १९८० साली स्थापन झालेल्या या संस्थेमागे परमेश्वरीलाल गुप्त यांच्यासारखे विद्वान आणि के. के. माहेश्वरी यांच्यासारखे संग्राहक-अभ्यासक दोघेही होते. तिथल्या नाणे संग्रहालयात खरी नाणी आहेत, तशाच प्रतिकृती आणि छायाचित्रेही आहेत. प्रतवारीच्या बाजारात प्रतिकृतीला किंमत शून्य. शिकणाऱ्याला मात्र ती चालते, कारण त्याला नाणे मिळवायचे नसते, पाहायचे असते. संग्राहक आणि अभ्यासक यांच्यातली ही सीमारेषा पुष्कळदा एकाच माणसाच्या आतून जाते, हेही मी पाहिले आहे. माझ्याही आतून ती जाते.

कारण मोह मलाही आहे. माझ्या अल्बमच्या पहिल्या पानावर व्हिक्टोरियाचा एक जवळजवळ कोरा रुपया आहे, आणि तो उघडताना मला आनंद होतो हे मी नाकारत नाही. पण तो कोरा का राहिला, याचा विचार करू लागलो की आनंद जरा ओसरतो. ११.६६ ग्रॅमचा, बरोबर तोळाभराचा हा रुपया कोणाच्या तरी पगारात, कोणाच्या बाजारहाटीत जायला पाडला होता. तो कुठेच गेला नाही. इंग्रजी अमदानीत आणि नंतरही काही काळ मुंबई-कलकत्त्याच्या टाकसाळींनी दुर्मिळ नाणी जुन्या ठशांवरून खास संग्राहकांसाठी पुन्हा पाडून दिली. ती नाणी खरोखर निर्दोष आहेत, आणि त्यांनी एका पैशाचाही व्यवहार कधी केलेला नाही.

याच अल्बमचे शेवटचे पान नोटांचे आहे, आणि तिथे सगळा न्याय उलटा. नाशिकरोडचा चलार्थपत्र मुद्रणालयाचा कारखाना १९२८ पासून नोटा छापतो. तिथे सदोष नोट बाहेर जाऊ नये म्हणून केवढी यंत्रणा राबते, हे नाशिकच्या निम्म्या घरांना नातलगांकडून ठाऊक असते. सदोष नोटेच्या जागी दुसरी घालताना तिच्या क्रमांकात चांदणी छापण्याची पद्धत २००६ मध्ये सुरू झाली. आता नोटांचे संग्राहक काय शोधतात? चांदणीवाली नोट, म्हणजे कुठेतरी दोष झाल्याची साक्ष. आणि त्याहूनही आवडीने, तपासणीतून निसटलेली चुकीच्या छपाईची नोट. हाताने घडलेल्या वस्तूत दोष सर्रास, म्हणून तिथे निर्दोषाला भाव. यंत्राने घडलेल्या वस्तूत निर्दोषपणा सर्रास, म्हणून तिथे दोषाला भाव. एकाच माणसाच्या एकाच अल्बममध्ये ही दोन पाने गुण्यागोविंदाने नांदतात. तेव्हा परिपूर्णता वगैरे आपण म्हणतो खरे, आपल्याला हवे असते ते दुसऱ्याकडे नसलेले.

हे मान्य केले तर भांडण पुष्कळ सोपे होते. दुर्मिळतेची हौस असण्यात पाप नाही. पण तिला नाण्याचा गुण म्हणू नये, आणि तिच्यासाठी नाण्याची बाकीची माहिती फेकून देऊ नये. संग्राहकाने नाण्याच्या पाकिटावर काय लिहावे, यात सगळे आले. बहुतेक पाकिटांवर राजा, धातू, वजन आणि प्रत एवढे असते. प्रत म्हणजे ‘व्हेरी फाइन’ किंवा ‘एक्स्ट्रा फाइन’. कुठे सापडले, कशासोबत सापडले, कोणाकडून आले, यासाठी जागा ठेवलेली नसते. प्रत तर पुढचा माणूस भिंगातून पाहून स्वतःही ठरवू शकतो. सापडल्याची जागा एकदा गेली की कोणत्याही भिंगातून परत दिसत नाही.

काही वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात मी नहपान-गौतमीपुत्राचे एक नाणे घेतले. साधेच होते. उज्जयिनी चिन्हाचे एक वर्तुळ थेट डोळ्यावर बसलेले, चैत्य नाण्याबाहेर निम्मा गेलेला, ग्रीक अक्षरे दोनच. माझ्याआधी दोघांनी ते उचलून पाहिले आणि ठेवून दिले. पाकिटावर ‘फाइन’ असे लिहिले होते, तेही उदारपणेच. मी विक्रेत्याला विचारले, ‘‘हे आलं कुठून?’’

तो म्हणाला, ‘‘नाशिक साइडचा माल आहे, साहेब.’’

‘‘नाशिक साइडला कुठे?’’

‘‘ते कसं सांगणार? आमच्याकडं दहा-बारा आले होते एकत्र. चांगले गेले सगळे, हा राहिला.’’

‘‘ते दहा-बारा कसे होते? ठसावाले किती, बिनठशाचे किती?’’

त्याने जरा आठवून पाहिले. ‘‘ठसावाले जास्त असतील. लक्षात नाही हो.’’

घरी आल्यावर मी पाकिटाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने प्रदर्शनाची तारीख लिहिली आणि पुढे लिहिले: नाशिक बाजू, दहा-बारांपैकी एक, ठसा असलेली अधिक असावीत, बाकीची विकली गेली.